अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहिते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "सुचतं कसं हो?" ऐंशीच्या दशकात मला जे काही सुचलं ते अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत सुचलं. मी तिथे टायपिस्ट होते. दिवसभर इंग्रजी पत्रं बडवायची, बिघडलेले कागद ड्रॉवरमध्ये जमवायचे आणि दुपारी डबा संपवून त्यांच्या कोऱ्या पाठीवर राक्षस आणि बोलणारी मांजरं उतरवायची. मी कोणाला तरी प्रेमपत्रं लिहिते असा आमच्या हेडक्लार्कचा समज होता. तो मी मोडला नाही. प्रेमपत्रांना ऑफिसात थोडा तरी मान होता, बालसाहित्याला तोही नव्हता.

गोष्टी छापून यायच्या त्या मुलांच्या एका मासिकात. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचं हे मासिक मुलुंडचे एक निवृत्त हेडमास्तर आपल्या घरच्या पुढच्या खोलीतून चालवत. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, जादूला नियम हवा. "जादूने वाटेल ते होऊ लागलं, की गोष्टीत काहीच घडेनासं होतं," ते म्हणायचे, आणि हे मी आजही मानते. दुसरी शिकवण शुद्ध भाषेची. ती मी तेव्हा निमूट मानली, आणि त्याचा राग मला अजून येतो. त्यांचा नाही, माझा.

आम्ही कांजूरमार्गला चाळीत राहायचो. दोन-तीन बिऱ्हाडं सोडली तर सगळे कोकणातले. माझे वडील गिरणीत मागावर होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही आणि पन्नाशीचा धडधाकट माणूस घरी बसला. रोज सकाळी पेपर आला की आधी गिरण्यांची बातमी शोधायचे, ती नसली की पेपर घडी करून ठेवून द्यायचे. बाकीच्या जगात त्यांना रस उरला नव्हता. घरात आम्ही त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोलायचो, आजारी माणसाशी बोलतात तसं. ते त्यांना आवडत नसणार, पण आम्हाला दुसरं काही येत नव्हतं.

एका बाबतीत मात्र त्यांचा मान पूर्वीसारखाच होता. चाळीत काहीही शुभकार्य असलं की गाऱ्हाणं घालायला त्यांनाच बोलवायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून एका माणसाने सगळ्यांच्या वतीने मोठ्याने केलेली मागणी. तो एकेक वाक्य म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. वडील एरवी चार शब्द बोलले तर आम्ही धन्य व्हायचो. पण नारळ हातात आला की त्यांचा आवाज पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा. कोणाला नोकरी, कोणाला मूल, कोणाच्या म्हातारीला आराम, सगळ्यांचं सगळं त्यांना पाठ असे. आणि गिरणी बंद पडल्यापासून शेवटचं मागणं ठरलेलं होतं, "बंद पडलेल्या गिरणीचो भोंगो पुन्ना वाजूंदे रे म्हाराजा."

आता लेखकाच्या जातीचा काही भरवसा नसतो. मला सहा भागांची गोष्ट हवी होती, नियमवाली जादू हवी होती, आणि ती आमच्याच दारात उभी होती. मी लिहिलं. दिंडोशीच्या एका नव्या वसाहतीत राहणारी दहा वर्षांची मुलगी, गिरणी बंद पडून घरी बसलेले तिचे आजोबा आणि त्यांचा नारळ. आजोबा गाऱ्हाणं घालतात. सगळ्यांनी तीन वेळा एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हटलं की नारळ आपल्या तीन डोळ्यांतला एक डोळा उघडतो आणि मागितलेलं मिळतं. एक जण जरी गप्प राहिला, तरी मागितलं त्याच्या उलटं होतं. पाऊस मागा, नळ कोरडे पडतात. पाहुणे जावेत म्हणा, आणखी चार येतात. मला स्वतःला ही गोष्ट झकास वाटली होती.

मुलुंडहून पोस्टकार्ड आलं. गोष्ट पसंत आहे, मात्र "व्हय म्हाराजा"ऐवजी "होय महाराज" करतो आहे, मुलांच्या जिभेला वळण लागतं ते आपल्याच लिहिण्याने. मी उलट टपाली लिहिलं, जरूर करावे. एका ओळीत काम आटोपलं. गोष्ट छापून येते आहे म्हटल्यावर त्यातल्या दोन शब्दांवरून कोण भांडतं?

पहिले तीन भाग आले आणि आमच्या चाळीतल्या मुलांत अंकांची ओढाताण सुरू झाली. लेखिका आपल्याच चाळीतली म्हणजे त्यांना गोष्टही चाळीच्या मालकीची वाटायची. जिन्यात गाठून विचारायची, "ताई, पुढे काय होतं गं? सांग ना!" मी खूश होते. वडिलांनीही अंक चाळला होता. "पोरांचां असा," एवढंच म्हणाले आणि खाली ठेवला. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

सव्वीस जानेवारीला चाळीत सत्यनारायण असायचा. सकाळी झेंडा, मग पूजा, मग गाऱ्हाणं, मग तीर्थप्रसाद. त्या वर्षीही वडील धुतलेला सदरा घालून पुढे झाले, नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा!" मोठी माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि त्यांच्या मागोमाग, अगदी खणखणीत, शाळेत प्रार्थना म्हणावी तशा सुरात वीस-पंचवीस मुलं म्हणाली, "होय महाराज!"

मोठ्यांच्यात हशा पिकला. वडिलांनी एकदा मागे पाहिलं आणि पुढे सुरू केलं. पण मुलांना आता थांबवणं शक्य नव्हतं. नियम त्यांना माहीत होता. तिसऱ्या वेळी डोळा उघडणार, म्हणून ती गुडघ्यांवर सरकत नारळाजवळ जमली. वडील शेवटच्या मागण्यापाशी आले. "बंद पडलेल्या गिरणीचो भोंगो..." इतक्यात एक मुलगी ओरडली, "काका, आमची परीक्षा रद्द होऊ दे!" "होय महाराज!" "अरे गप्प बसू नका कोणी, उलटं होईल, वाट लागेल!" आणि सगळी चाळ, ज्यांची ती मुलं होती तेसुद्धा, पोट धरून हसली. मीही हसले. हे इथे लिहिलंच पाहिजे, मीही हसले.

वडील थांबले. नारळ जागेवर नीट बसवला, "झालां," म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत घरी निघून गेले. गाऱ्हाणं असं मध्येच सोडायचं नसतं. एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले, त्यांनी दोन वाक्यं पुटपुटून नारळ फोडला, प्रसाद वाटला गेला. पण भोंग्याचं वाक्य कोणी पुरं केलं नाही. ते वडिलांचं होतं, दुसरं कोण करणार?

पुढे फाल्गुनात गिरणी कायमची बंद झाल्याची बातमी पेपरात आली. ती तशीही येणारच होती, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते आणि वडीलही नव्हते. पण शेजारच्या काकी नळावर मला म्हणाल्या, "तुझ्या गोष्टीन गिरण बंद पाडल्यान गो!" त्या गमतीने म्हणाल्या. मी कळशी भरली आणि घरी आले. देवाधर्माचं मला फारसं नव्हतंच कधी, पण त्या दिवशी मला भीती वाटली. अर्धवट राहिलेलं वाक्य आहे आणि ते माझ्यामुळे राहिलं आहे, यातून सुटायला नास्तिकपणाचा काही उपयोग होत नाही.

गोष्टीचा शेवटचा भाग माझ्याकडून जायचा होता. ठरलेल्या शेवटात मुलीला सायकल मिळणार होती. मी कागद घेऊन वडिलांसमोर बसले आणि विचारलं, "बाबा, त्या दिवशी पुढे काय म्हणणार होतात?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "माका कित्याक इचारतस?" म्हणाले. "तुझी गोष्ट. तूच पुरी कर."

मग मी सायकल काढून टाकली. शेवटच्या भागात आजोबा पुन्हा नारळासमोर उभे राहतात, त्यांचं राहिलेलं मागणं पुरं म्हणतात, वसाहतीतलं एकही मूल हसत नाही, आणि सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." नारळ तिन्ही डोळे उघडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गिरणीचा भोंगा वाजतो, आजोबा डबा घेऊन कामाला निघतात. सोबत चिठ्ठी लिहिली, "व्हय"चं "होय" केलंत तर गोष्ट परत पाठवावी. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी असं ठणकावून लिहिलं आणि लगेच पेटीत टाकलं. मुलुंडहून उत्तर आलं, हट्ट मान्य.

अंक आला तो रविवार होता. मी तो वडिलांच्या पेपराशेजारी ठेवला आणि उगाचच तांदूळ निवडायला बसले. त्यांनी चष्मा लावून वाचला. सावकाश, बोट फिरवत. शेवटच्या पानावर त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"अगो," ते म्हणाले, "पयल्या पाळीचो भोंगो आठाक नाय. साताक."

वडील बावीस वर्षं ज्या भोंग्यावर कामाला गेले तो मी कधी ऐकलाच नव्हता. गिरणी तिकडे परळला, आम्ही इकडे. ते पहाटे निघायचे तेव्हा मी झोपलेली असायचे. घड्याळात आठ वाजले की मी शाळेला निघायचे, म्हणून गोष्टीतलं जगही आठ वाजता कामाला निघालं. माझ्या बापाच्या आयुष्यातली एवढी एक वेळ मला ठाऊक नव्हती आणि मी त्याच्यावर सहा भाग लिहिले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आठाक इलेल्याक गेटार कोण आत घेता?" ते म्हणाले. रागावून नाही, अडाण्याला समजवावं तसं. मग माझं पेन मागून घेतलं, "आठ" खोडलं, वर वळणदार अक्षरात "सात" लिहिलं, फुंकर घातली. "आता पोचतलो तो," म्हणाले आणि अंक मिटला.

मी मुलुंडला कळवलं, पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. त्यांनी लिहिलं की तासाभराने मुलांचं काही अडत नाही. मुलांचं खरंच अडलं नाही, एकाचंही पत्र आलं नाही. पुढच्या सव्वीस जानेवारीला गाऱ्हाणं दुसऱ्याच माणसाने घातलं आणि भोंग्याचं मागणं त्यात नव्हतं. मासिकाच्या बाकी सगळ्या प्रतींमध्ये तो म्हातारा डबा घेऊन बंद गेटाबाहेर उभा राहिला. आमच्या घरातल्या एका अंकात तेवढा तो वेळेवर कामाला पोचला.