लायसन व्हतं, तरी गाडी उभी

आमच्या धर्मपालचं कौतुक सांगायला बसले की माझं तोंड थांबत न्हाय, आदीच सांगते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमी बाया टॉवेलच्या कडा शिवतो. आमाला घरनं नेणारी-आणणारी व्हॅन त्याची. बाई दारातनं आत गेल्याबिगर गाडी हलवायचा न्हाय, असला माणूस.

एकदा सकाळी कारखान्यापाशी त्यानं असा करकचून ब्रेक मारला की शेजारी बसलेल्या महानंदाच्या डब्यातलं कालवण माझ्या लुगड्यावर!

"काय रं मेल्या!" मी वरडले.

"बाई बसलीया की रस्त्यात!"

बगतो तर टेम्पोतनं पडलेला टॉवेलचा गठ्ठा. आमी पोट धरून हसलो. त्यो हसला न्हाय.

दुसऱ्या दिवशी गाडी आलीच न्हाय. तणतणत त्याच्या घरी गेले.

"केराक्का, लई धुरकट दिसतंय. काल गठ्ठ्याला बाई समजलो. उद्या बाईला गठ्ठा समजलो तर?"

"आरं, पण लायसनला अजून दोन म्हैनं हायती की!"

"लायसन हाय. नजर न्हाय."

त्याचं लायसन दर पाच वर्षांनी नवं करायचं, त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. एक एजंट म्हणला, डॉक्टरकडं न जाता आणून देतो. धर्मपालनं त्याला चहा बी न पाजता वाटंला लावलं. पण डोळं दाखवायला बी भ्यायचा. गाडी कायमची गेली तर खायचं काय? त्याची बायको शुभदा नुसती रडायची. शेवटी मीच दंडाला धरून नेलं. मोतीबिंदू निघाला.

ऑपरेशन झालं, डोळा सावरला, तवर लायसनची मुदत सरली. वरीस उलटायच्या आत नवं करायला गेला म्हणून परत गाडी चालवून दाखवायचं टळलं, ते एक बरं झालं. डॉक्टरनं नीट तपासून दाखला दिला, नवं लायसन आलं. मधल्या दिवसांत आमी कदी रिक्षानं, कदी चालत. रोज शिव्या घातल्या त्याला, खोटं कशाला बोलू?

पयल्या दिवशी मी पुढं बसले. म्हणला, "केराक्का, तुमच्यामुळं पाच वर्षं मिळाली."

"गप, रस्त्याकडं बग."

थोड्या वेळानं त्यानं गाडी एकदम हळू केली. "तुमची संघप्रिया चाललीया बगा सायकलीवर."

माझी नात. मला तर अजून दिसत बी नव्हती. त्या धुरकट नजरंपुढं हीच आली असती तर? त्याच्या खांद्यावर हात ठिवला अन् म्हणलं, "धर्मपाल, तवा गाडी उभी केलीस, लई उपकार केलंस रं बाबा."