डब्यावरचा बिल्ला

सकाळी दहाला फोन वाजला. शालूची शेजारीण म्हणाली, "शालूताई गेल्या हो..." आणि मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. रविवारी ती माझ्याकडे वडाभात खायला येणार होती; त्याआधी हिने कुठला बेत केला, म्हणून मी चिडलेसुद्धा. पलीकडची बाई रडायला लागली तेव्हा कुठे मला कळलं. चहा गाळता गाळता खाली बसली आणि संपली. ना ताप, ना दुखणं. महिना होत आला, तरी रविवारी अकरा वाजले की मी फाटकाची कडी वाजायची वाट बघते... मूर्खपणाच आहे. पण मूर्खपणाची मला जुनी सवय आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा मी शालूच्याच साक्षीने केला.

शालू माझी धाकटी नणंद. उमरेडकडच्या आमच्या शेतकरी घरातली एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी. नागपुरात आमच्याकडे राहून ती एका प्रयोगशाळेत नोकरी करायची. घरच्या जवसाचं तेल बाटलीत भरून न्यायची, त्यात कसल्या कसल्या पुडी कालवून लोखंडी नळीच्या तुकड्यांना लेप द्यायची, ते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि गंज किती चढला ते वहीत लिहायची. जमिनीखालून खनिज तेल आणि गॅस वाहून नेणाऱ्या नळ्या सडू नयेत, म्हणून हा सगळा खटाटोप. मला एवढंच दिसायचं की घरातलं जवसाचं तेल संपतंय. "काहून वं शालू, लोखंडाले फोडणी देऊन राहिली का?" मी विचारायचे. ती हसायची. चार वर्षं हे चाललं.

मग सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात ती म्हणाली, "वहिनी, उद्यापासून आपल्या नागपुरात तेल आणि गॅसच्या तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. बाहेरच्या देशांतले लोक येऊन राहिले. मले माझा निबंध वाचायचा आहे, इंग्रजीत." आठवडाभर ती आरशासमोर तोच पाठ करत होती, हे मी बघत होते. पण मी 'तेल' ऐकलं, 'गॅस' ऐकलं आणि पुढचं ऐकायला कान शिल्लकच राहिले नाहीत. मातीच्या तेलासाठी रेशनच्या दुकानापुढे आमचा अर्धा जन्म जात होता, आणि गॅसच्या शेगडीसाठी लावलेला नंबर लागता लागत नव्हता. मी मनाशी म्हटलं, एवढी मोठी मंडळी विमानाने येताहेत, तर काही वाटल्याशिवाय जातील का? दुसऱ्या दिवशी लग्नातला शालू (साडी हो, नणंद नव्हे) नेसले, नथ घातली, एका हातात रेशनकार्ड, दुसऱ्या हातात पाच लिटरचा डबा, आणि रिक्षाने थेट परिषदेला!

दारावर प्रयोगशाळेतले रामटेके उभे होते. तेव्हा ते मला ओळखत नव्हते.

"बाई, हे काय आहे?"

"डबा."

"ते दिसून राहिलं. कशाले?"

"तेलाले. आणि गॅसचा नंबर कुठं लावायचा? लेडीजची लाइन वेगळी आहे का?"

मागे दोन गोरे सूटवाले थबकले. एकाने माझ्या डब्याला नमस्कार केला की मला, ते अजून ठरलेलं नाही. मी मात्र रुबाबात प्रतिनमस्कार केला! तेवढ्यात आतून शालू आली. दुसरी कोणी असती तर खांबाआड झाली असती. ही सरळ पुढे आली, म्हणाली, "रामटेके, ह्या माझ्या वहिनी आहेत." आपल्या पदरावरचा नावाचा बिल्ला काढून तिने माझ्या शालूला टाचला. "मागच्या रांगेत बसा. डबा खुर्चीखाली. आणि वहिनी, तुमच्या पाया पडते, बोलू नका."

"अन् तू वं?"

"मले सगळे ओळखतात."

मी बसले. बिस्किटं आली, खाल्ली. थोड्या वेळाने शालूचे साहेब उठले आणि तिचा निबंध वाचू लागले. पाठ ऐकून ऐकून मला शब्द ओळखीचे झाले होते. वाचन अचानक संपलं, मी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी घरी शालूला म्हटलं, "लिहिलं तू अन् वाचलं त्यानं? पाय लटपटले ना तुझे?" ती म्हणाली, "हो ना. मी पुढेच बसले होते." बिल्ला परत द्यायला गेले, तर म्हणाली, "राहू द्या. डब्याले बांधा, लाइनीत कामी येईल."

पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा मी लग्नामुंजींत रंगवून सांगितला. शेवटी टाळी मागून म्हणायचे, "आमची शालू एवढी शिकलेली, पण ऐन वेळी फाटली!" शालू शेजारी बसून सगळ्यांबरोबर हसायची. त्यानंतरच्या परिषदांना साहेबच गेले. हिला कोणी बोलावलं नाही. मला वाटायचं, भित्री आहे, दुसरं काय.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी रामटेके भेटायला आले. आता पार थकले आहेत. मी सवयीने तोच किस्सा काढला. ते हसले नाहीत.

"बाईंचे पाय नव्हते लटपटले, वहिनी. तुम्हाले आत पाठवून बाई दाराबाहेरच होत्या, तेवढ्यात उद्घाटनाचे मंत्री आत आले अन् दारं बंद झाली. बिल्ल्याशिवाय पोलीस कोणालेच सोडेनात. मी सांगून पाहिलं, ऐकलं नाही. बाई बाहेर पायरीवर बसल्या. लाउडस्पीकरवर आतलं ऐकू येत होतं. साहेबांनी मधली दोन पानं एकदमच उलटली, तर बाई म्हणाल्या, 'गेलं, माझं मुख्य पानच गेलं.' अन् आतून टाळ्या वाजल्या."

माझ्या टाळ्या.

"मी म्हटलं, चिठ्ठी पाठवतो, वहिनींकडून बिल्ला मागवतो. तर म्हणाल्या, 'नको गा. भर सभेत उठवलं तर वहिनी डबा घेऊन उठतील. लोक हसतील त्यायले.'"

मी रामटेक्यांना चहा दिला की नाही, आठवत नाही.

घरात गॅस येऊन जमाना झाला. डबा गच्चीवर कोपऱ्यात होता. परवा खाली आणला, चिंधीने पुसला. कडीला तारेने बांधलेला बिल्ला गंजला आहे, पण प्लॅस्टिकखालचं शालूचं नाव अजून वाचता येतं: वर इंग्रजीत, खाली देवनागरीत. रेशनच्या दुकानात डब्यांची रांग लागायची आणि दुकानदार बिल्ल्यावरचं नाव वाचूनच हाक मारायचा, "शालिनीबाई, पुढे या!"

आणि मी पदर खोचून पुढे जायचे.