कुत्रा सोडून आलेल्या माणसाचा अर्ज

मुलीच्या हट्टामुळे आम्ही नोएडाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात गेलो. आवडेल ते कुत्रं घेऊन यायचं, एवढीच माझी समजूत. तिथे हातात दोन पानी फॉर्म आला.

भरण्याआधी पिंजऱ्यांसमोरून एक चक्कर मारली. प्रत्येक दारावर हाताने लिहिलेला कागद. ‘छत्री दिसली की थरथरते. दह्याशिवाय भात खात नाही. झाडूवाल्यावर भुंकते, पण चावत नाही.’ मी थक्क होऊन वाचत राहिलो. रस्त्यावरून उचललेल्या जिवांची कुणी इतकी ओळख करून घेतली होती, आणि तीही दुसऱ्याच्या घरी पाठवण्यासाठी.

फॉर्ममध्ये प्रश्न होता: आधी कुत्रा होता का? त्याचं काय झालं?

“लिही ना बाबा, पळून गेला म्हणून.”

तिला मी वर्षानुवर्षं तेच सांगत आलो होतो. खरं असं, की सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडताना मी पंखे, नळ, काचा सगळं तपासून ताब्यात दिलं आणि आठ वर्षं पाळलेला कुत्रा तिथेच ठेवला. पुढचे लोक घालतील खायला, म्हटलं. तो आमच्या सामानाच्या ट्रकमागे कोपऱ्यापर्यंत धावला. मुलगी तेव्हा आजोळी होती.

मी खरं लिहिलं. तिने वाचलं, “यार, बाबा...” एवढंच म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

निवारा चालवणाऱ्या बाईंनी फॉर्म दोनदा वाचला. आता या नाही म्हणणार असं वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

“उसे डर किस चीज़ से लगता था?”

मी आठवून पाहिलं. “पता नहीं.”

“आठ साल रखा, और पता नहीं! कमाल है, भाईसाहब.” मग छत्रीला घाबरणाऱ्या कुत्रीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “रोज़ आइए. ले जाना नहीं है, बस इसके पास बैठना है. फिर देखेंगे.”

ऑफिस सुटलं की रोज जाऊ लागलो. कुत्री माझ्याकडे पाठ करून, भिंतीला चिकटून बसायची. सहाव्या दिवशी मुलगी आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. नंतर रोज यायला लागली.

एका संध्याकाळी कुत्री भिंतीपासून उठली, माझ्या बुटावर हनुवटी टेकवून आडवी झाली आणि चक्क घोरू लागली. माझ्यासारख्या माणसापुढे!

बाई दारातून बघत होत्या. हळूच म्हणाल्या, “जाग जाए, तो घर ले जाइए.”

मुलगी बाकावरून माझ्याकडे सरकली. “बाबा, हलू नकोस हं.”

पायाला मुंग्या आल्या होत्या. मी हललो नाही.