व्हिडिओतून काढलेली बाई

कंपनीच्या माणसाने मला फोनवर सांगितलं की व्हिडिओतली बाई काढून टाका. त्या गोष्टीचा राग अजून उतरलेला नाही.

पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकून मी गावी, निमगाव साव्याला, घरी परतले, तेव्हापासून इथूनच कामं करते. कीटकनाशकं विकणाऱ्या एका कंपनीला, फवारताना काय काळजी घ्यावी, याचा छोटा व्हिडिओ हवा होता.

लिहायच्या आधी मी चार दिवस आमच्याच टोमॅटोच्या प्लॉटवर जाऊन बसले. काका तोंडाला रुमाल बांधून फवारत होते. औषध कालवत होती काकी, ड्रममध्ये कोपरापर्यंत उघडा हात घालून. काठीने का ढवळत नाहीस विचारलं, तर म्हणाली काठीने गुठळ्या फुटत नाहीत.

संहितेत मी तेच लिहिलं आणि ती मंजूर झाली. मग एकेक प्रसंग चौकटीत काढून स्टोरीबोर्ड पाठवला, तोही मंजूर. खोलीत गोधड्या टांगून काकीचा आवाज रेकॉर्ड केला. मग चित्रं. हात हलायचा तर दंड वेगळा, कोपर वेगळं, प्रत्येक बोट वेगळं काढावं लागतं. बोटांच्या बेचक्यांतली सोललेली कातडीसुद्धा मी काढली. तो हात ड्रममध्ये नीट फिरायला दोन आठवडे गेले. रंग भरले, पंपाचा आवाज जोडला आणि कच्ची प्रत पाठवली.

तेव्हा तो फोन आला.

"मॅडम, बाई दिसली की औषध घातक वाटतं. आणि आवाज फार गावठी आहे."

औषध घातक आहे म्हणूनच तर हा व्हिडिओ, असं मी म्हटलं. ते बरोबर आहे, पण तसं दाखवायचं नसतं, असं त्याने मला समजावलं, लहान मुलीला समजवावं तसं.

आणि मी काढली बाई. स्वतःच्या हाताने. तिच्या जागी चष्मा, हातमोजे घातलेला हसरा गडी आणला, शहरी आवाज बसवला. कंपनी खूश झाली. माझी चिडचिड मात्र घरभर सांडत होती, आणि ती कशामुळे ते काकीलाही कळलं होतं.

आळेफाट्याला जाऊन मी काकीसाठी हातमोजे शोधले. सगळे पुरुषी मापाचे. बायकांच्या मापाचे कोण मागतंय, असं दुकानदार म्हणाला. तरी घेतले. काकीने घातले, बोटांची टोकं लोंबायला लागली, तिने काढून बांधावर ठेवले आणि हात ड्रममध्ये घातला. मी तिच्यावर ओरडले. नको ते बोलले.

ती शांतपणे म्हणाली, "माझ्यावर कशाला वरडती? ज्यानं मला काढलं त्याच्यावर वरड की."

पुढे त्याच कंपनीने दुसऱ्या व्हिडिओसाठी विचारलं. मी नाही म्हटलं. फोनवरच्या त्याच माणसाने कारण विचारलं, तेव्हा काकीचा हात, ते मोजे, सगळं सांगितलं. पलीकडे तो ऐकत होता की फोन बाजूला ठेवून बसला होता, मला कळलं नाही. मी बोलत राहिले.