मेंगेला नाकारलेली गोळी

जंताच्या गोळ्या वाटणारी माणसं एबांगा गावात आली, की मेंगे घरातल्यांना घेऊन कोकोच्या मळ्यात निघून जायची. कॅमेरूनच्या त्या जंगलपट्ट्यात नदीवरच्या माशा चावून अंगात जंत होतात, खाज सुटते, पुढे नजर जाते, हे तिला ठाऊक होतं. तिचेच पाय खाजवून खाजवून खरखरीत झाले होते, एका डोळ्याला धूसर दिसत होतं. पण तिनं थोरल्या भावाला पाहिलं होतं. पहिल्यांदा गोळ्या वाटल्या, तेव्हा असिगा हसत हसत गोळी घेऊन आला आणि दोनच दिवसांत अंथरुणाला खिळला. बहिणीलाही ओळखेना. जगला, पण जीभ जड झाली ती कायमची.

दवाखान्यातले म्हणत राहिले, गोळीचा काही संबंध नाही. मेंगेनं त्यांचं ऐकणं सोडलं.

मग क्लॅरिस नावाची नर्स आली. तिनं गोळीचं नाव काढलं नाही. असिगापाशी बसून त्याचं अडखळतं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि मेंगेला म्हणाली, "मावशी, दादांना त्या गोळीनंच पाडलं. तुमचं खरं होतं."

इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मेंगेला भरून आलं.

क्लॅरिसनं समजावलं, की नदीवरच्या माशांच्या जंताखेरीज इथं आणखी एक जंत असतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सरकत जाणारा, आणि तो काहींच्या अंगात फार माजलेला असतो. अशा माणसानं गोळी घेतली, की रक्तातली त्या जंताची पिल्लं एकदम मरतात आणि ते मेंदूला बाधतं. पूर्वी हे आधी कळायची सोय नव्हती, आता होती. ती पिल्लं दिवसाच रक्तात उतरतात, म्हणून भर दुपारी बोट टोचायचं.

दुसऱ्या दिवशी मेंगे स्वतःहून रांगेत उभी राहिली. क्लॅरिसनं रक्ताचा थेंब फोनला जोडलेल्या यंत्रात ठेवला, बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. "तुम्हाला नाही द्यायची."

"वा गं! इतकी वर्षं गोळी घेऊन माझ्यामागं धावलात, आणि आज हात पुढं केला तर नाही?"

रांग हसली. क्लॅरिसनं फोन तिच्यापुढं धरला. पडद्यावर नुसती वळवळ चालली होती.

"असिगादादांचंही असंच असणार, मावशी."

मेंगे तिथंच बाकावर टेकली. एखाद्या वर्षी कुणी तिला मळ्यातून धरून आणलं असतं तर? तिनं क्लॅरिसचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

तिच्यासाठी दुसरं औषध निघालं, डोळ्यातल्या जंताच्या पिल्लांना न छेडणारं. ते कित्येक आठवडे रोज घ्यायचं होतं. पोटात अन्न असताना, पेलाभर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं न होता. खाज सुटलेल्या गरोदर सुनेनं त्यातल्याच दोन गोळ्या मागितल्या, तेव्हा मेंगेनं डबा पदराआड केला. "क्लॅरिसला विचार आधी." क्लॅरिसनंही बाळंतपण होईपर्यंत थांबायला सांगितलं.

काही महिन्यांनी खाज शमली. डोळा निवळला नाही, पण आणखी बिघडलाही नाही. पुढच्या वाटपाला मेंगे मळ्याच्या वाटेवर उभी राहून पळणाऱ्यांना माघारी वळवत होती. क्लॅरिस दिसली तशी तिच्या हातात कसाव्याच्या कंदाच्या वड्या आणि शेंगदाण्याचं कालवण ठेवून म्हणाली, "आधी जेव. रांग कुठं पळत नाही."