चाकाला न शिवता सातमाळा

झुंबर गांगुर्डेने उभी हयात नाशिक-कळवण रस्त्यावर एसटी चालवली. जाता-येता सातमाळ्याची डोंगररांग त्याच्या समोर असायची. अचला, अहिवंत, सप्तशृंगीचा गड, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, धोडप आणि पार शेवटाला चांदवड. नावं तोंडपाठ, पण पाय एकावरही ठेवलेला नाही. गडावर गेला तोही यात्रेच्या जादा गाडीवर, स्टिअरिंगमागे बसून.

रिटायर झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. झुंबरने बूट आणले. शेजारचा हर्षल पतसंस्थेत कारकून, दर रविवारी कुठला ना कुठला डोंगर चढायचा. झुंबर त्याच्या असा मागे लागला की बिचाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय राहिली नाही. डिसेंबरात दोघांनी बेत आखला : अचल्यापासून चांदवडपर्यंत सगळी रांग सलग चालायची, रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करायचा.

झुंबरच्या बायकोने, लताबाईने, हे ऐकलं आणि हसून घेतलं. परसाकडं जायचं तरी स्कूटर काढणारा माणूस! तिने अट घातली. चांदवड येईपर्यंत कुठल्याही चाकावर बसलात, तर बूट मुलाला देऊन टाकायचे आणि डोंगराचं नाव परत काढायचं नाही. जन्म चाकावर काढलेल्या माणसाच्या हे जिव्हारी लागलं. डेपोसमोरच्या टपरीवर सगळ्या जुन्या ड्रायव्हरांदेखत तो शब्द देऊन बसला, की चाकाला शिवणार नाही. आता मोडला असता, तर त्या टपरीवर चहा प्यायची चोरी झाली असती.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. सकाळची कडाक्याची थंडी, गावोगावी बाजरीची भाकरी, आणि हर्षलच्या पुढे पुढे पळणारा झुंबर. मार्कंड्या ओलांडला आणि आभाळ भरून आलं. अवकाळीच तो, काळवेळ बघून येतो थोडाच! खाली द्राक्षबागावाले कपाळाला हात लावून बसले असतील, पण वर आमचा गडी खुशीत. इतकी वर्षं पाऊस त्याने काचेपलीकडे बघितला होता, अंगावर कधी घेतलाच नव्हता. नाकावरून पाणी ठिबकतंय, दात वाजताहेत, आणि हा प्रत्येक वळणावर तोंडाने हॉर्न वाजवतोय. हर्षलने थांबू या म्हटलं, तर म्हणाला, "भिजायचं काय घेऊन बसला? मी काय गुळाचा हाय का, इरघळायला?"

रवळ्या-जावळ्याच्या पुढे मात्र धुक्याने घात केला. हाताचं बोट दिसेना. हर्षलचा मोबाइल पाणी जाऊन बंद पडलेला. खाली उतरणाऱ्या दोन सोंडा होत्या, आणि त्यांना नाशिकच्या अंगाला उतरायचं होतं. हर्षलचं म्हणणं, धुकं विरळ होऊ द्या. झुंबरला कुठला धीर! जरा फट पडली तसा त्याने बोट केलं. ही सोंड तर रोज आपल्या डाव्या हाताला असायची, डोळे झाकून उतर म्हणाला. खरंच असायची ती डाव्या हाताला. पण जाताना का येताना, एवढा विचार करायचा मात्र राहून गेला. ड्रायव्हरचा डोंगर काचेतला, त्याला पाठ असते हे त्याच्या गावीच नव्हतं.

उतरताना हर्षलचा पाय चिखलात मुरगळला. एका हातात त्याची काठी, दुसऱ्या बाजूला स्वतःचा खांदा देत झुंबरने त्याला कसंबसं खाली आणलं. धुकं सरलं तेव्हा समोर डांबरी रस्ता, पत्र्याची शेड आणि पाटी : आंबेवाडी फाटा. झुंबरने कपाळ बडवून घेतलं. डोंगराच्या पार पलीकडे, कळवणच्या अंगाला ते उतरले होते, आणि फाट्यापासून आत चालत गेलं की झुंबरची सासुरवाडी!

तेवढ्यात गाडी आली. आवाजावरूनच त्याने ओळखली, नाशिक-कळवण. गाडी थांबायच्या आत कंडक्टर राकेश दारात लोंबकळत ओरडला, "अण्णा, चढा पटकन!" हा त्याचा जुना जोडीदार. वणीपासून प्रत्येक थांब्यावर 'झुंबर ड्रायव्हर दिसला का' विचारत आला होता. दोघांनी मिळून हर्षलला वर चढवलं. आत कोरडी सीट होती, लोक सरकून जागा करत होते. खोटं कशाला बोला, झुंबरचा हात आपोआप दाराच्या दांडीवर गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि मी चालतच जाईन म्हणाला.

"बसा गुमान," आतून आवाज आला. पहिल्याच सीटवर लताबाई, मांडीवर कोरड्या कपड्यांची पिशवी. अवकाळीची बातमी ऐकून तिचा जीव घरात ठरेना, ती सकाळीच निघाली होती. "अट मीच घातली, मीच सोडली. कोन फासावर देत नाय तुम्हाला."

झुंबर खाली पावसात उभा. म्हणाला, "लता, आजवर जिथं गेलो तिथं गाडीनं नेलं मला. ह्या येळेला माझा मी चाललोय. लय बरं वाटतंय गं. चालू दे मला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चिखलाने माखलेला, काकडलेला आणि तोंडभर हसणारा असा नवरा तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने पदर खोचला, हर्षलची काठी मागून घेतली आणि पिशवीसकट खाली उतरली. हर्षलला कळवणच्या दवाखान्यात दाखव, आज मुक्काम माहेरी, उद्या आम्ही दोघं धोडपला, असं राकेशला सांगून तिने गाडी सोडायला लावली.

पुढे दोघं चांदवडला पायी पोचली, लताबाई भावजयीचे कॅनव्हासचे बूट घालून, आणि टपरीवर पेढेही वाटले गेले. पण त्या फाट्यावरचं थोडं सांगायचं राहिलं.

लताबाई लग्नापासून तिथे उतरत आली होती. दिवाळीला, भावाच्या लग्नाला, आई आजारी पडली तेव्हा. दर वेळी झुंबर गाडी थांबवायचा, ती उतरायची आणि तो ड्युटीवरचा माणूस गिअर टाकून पुढे निघून जायचा. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती बघत उभी राहायची, मग एकटीच गावाची वाट धरायची. त्या दिवशीही घंटी वाजली, गाडी हलली आणि सवयीने ती उभी राहिली. गाडी वळणाआड गेली. तिने शेजारी बघितलं, तर झुंबर तिथेच होता. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.