ज्या कार्यालयाचा चहा घेतला नाही

लेखापरीक्षणाच्या नोकरीत मी एक शिस्त पाळली. ज्या कार्यालयाचे हिशेब तपासायचे, तिथला चहा घ्यायचा नाही. घरचा थर्मास सोबत असे.

खात्यांना एक खोड होती. वित्तीय नियम बदलत, खर्चाच्या अधिकारांच्या मर्यादा बदलत. पण त्या शासन निर्णयाची प्रत आमच्याकडे पाठवण्याचे कोणाला सुचत नसे. आम्ही जुन्या नियमावर बोट ठेवून आक्षेप लिहायचा, मग त्यांनी कपाटातून नवा निर्णय काढून दाखवायचा. दोन्हीकडचे श्रम वाया.

अपवाद एकच. गुलमंडीच्या मागे राहणारे एक लेखाधिकारी. निर्णय निघाला की प्रत घेऊन ते स्वतः आमचे जिने चढत, पोच घेत आणि धापा टाकत बसत.

"आक्षेप घ्या साहेब, जरूर घ्या. पण नव्या नियमानं घ्या. जुन्यानं घेतलेला शिळा लागतो."

त्यांच्या कार्यालयात तपासणीला बसलो की ते माझ्यासमोर कप ठेवत. मी थर्मास उघडत असे.

"चहाला कोणता नियम आडवा येतो, तेवढी प्रत आमच्याकडं नाय," असे म्हणून दोन्ही कप ते स्वतःच पीत.

दोघेही निवृत्त झालो. पत्नी गेल्यावर माझे बोलणे दूधवाल्यापुरते उरले. ते अधूनमधून फोन करून चहाला बोलावत. मी 'बघू' म्हणत असे. शासन निर्णय आता संकेतस्थळावर मिळतात. माझा जिना चढण्याचे कारण कोणाला उरलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. घर विकले होते. मुलाकडे हैदराबादला कायमचे निघाले होते.

"उद्या जातो, साहेब. आज तरी या."

गेलो. सामान बांधून झाले होते. दोन कप तेवढे बाहेर ठेवलेले. मी पिशवी खाली ठेवली. त्यांची नजर आत गेली. सवयीने मी थर्मास भरून आणला होता.

"ऑडिट अजून चालूच आहे का?"

मी कप उचलला. साखर फार होती. पूर्ण प्यायलो. ते पाहत राहिले. मग त्यांनी आपला कप घेतला.

"आज पहिल्यांदा माझ्या वाट्याला एकच आला," ते म्हणाले.

औरंगपुऱ्यापर्यंत चालत आलो, तिथून रिक्षा केली. घरी येऊन थर्मास उघडला. चहा अजून गरम होता. दोन कप निघाले. दोन्ही मीच प्यायलो.